मंदीत सोशल मीडिया कसा बदलतो आणि खान्देशातल्या पेज-चॅनेलवाल्यांनी त्याची तयारी कशी करायची

व्ह्यूज तेवढेच येताय, मग पैसे का कमी पडताय? जळगाव असो, धुळे असो, नंदुरबार असो, चार चॅनेलवाले एकत्र बसले की हा प्रश्न निघतोच. मग कुणी म्हणतं अल्गोरिदम बदलला, कुणी म्हणतं आपलं चॅनेल दाबलं, कुणी म्हणतं लोकांना आता अहिराणी कॉमेडीचा कंटाळा आला. असेलही. पण बऱ्याचदा खरं कारण आपल्या मोबाईलपासून फार लांब असतं, तिकडे अमेरिकेत व्याजदर वाढलेले असतात, कंपन्यांनी जाहिरातीचा खर्च कापलेला असतो, आणि ते सगळं फिरत फिरत पारोळ्याच्या नाहीतर साक्रीच्या पोराच्या बँक खात्यापर्यंत येऊन पोचतं.

मी इकडच्या दुकानदारांना, घरगुती पदार्थ विकणाऱ्या ताईंना आणि थोड्याफार चॅनेलवाल्यांना पेज सांभाळायला मदत करतो. मंदी आली की प्लॅटफॉर्म काय काय करतात हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही आणि आधीच चार गोष्टी करून ठेवतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा, आणि मधे जिथे काम सांगितलंय ते लगेच करून टाका.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या

फेसबुक, इन्स्टाग्राम, वॉट्सॲप तिन्ही मेटा कंपनीचे. २०२२ साली मेटाची एकूण कमाई साधारण ११,६६० कोटी डॉलर होती आणि त्यातले ९७ टक्क्यांच्या वर पैसे नुसते जाहिरातीचे. म्हणजे आपण रील टाकतो, लोक बघतात, मधे जाहिरात दिसते, तिचे पैसे येतात, बस, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. आता कुठल्याही धंद्यात हात आखडायची वेळ आली की पहिला कापला जाणारा खर्च कोणता? पगार थांबवता येत नाही, लाईट बिल थांबवता येत नाही, जाहिरात मात्र आज संध्याकाळी बंद करता येते. म्हणून मंदीची झळ सोशल मीडियाला लवकर लागते.

२०२२ मध्ये हेच झालं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली, त्याच्या आधीच ॲपलने २०२१ मध्ये आयफोनवर ॲपना लोकांचा माग काढायला परवानगी घ्यायला लावली होती, दोन्हीचा मार एकत्र बसला आणि मेटाची वर्षाची कमाई पहिल्यांदाच आधीच्या वर्षापेक्षा कमी भरली. घट जेमतेम एक टक्का, पण दरवर्षी उड्या मारत वाढायची सवय असलेल्या कंपनीला तेवढी पुरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० पेक्षा जास्त लोक घरी, मार्च २०२३ मध्ये अजून १०,००० जणांना काढणार म्हणून जाहीर केलं. स्नॅपचॅटवाल्या कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्येच २० टक्के लोक काढले होते. ट्विटर इलॉन मस्कने ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलरला घेतलं आणि काही दिवसात निम्मा स्टाफ कमी केला. यूट्यूबची जाहिरातीची कमाई सुद्धा २०२२ च्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीत आधीच्या वर्षापेक्षा खाली आली. म्हणजे तेव्हा ज्याला वाटत होतं की आपल्याच चॅनेलला नजर लागली, त्याला हे माहीत असतं तर बिचाऱ्याची झोप उडाली नसती.

पैसा आटला की हे लोक ठराविक गोष्टी करतात आणि त्याच पुढच्या पाच-सात वर्षांचा सोशल मीडिया ठरवतात, हे माझं मुख्य म्हणणं आहे. फुकट होतं त्याला पैसे लावतात. ट्विटरची ब्लू टिक भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये मोबाईलवर ९०० रुपये महिना झाली, जूनमध्ये मेटाची व्हेरिफाइड सेवा आली ६९९ रुपयांना, स्नॅपचॅटचा प्लस प्लॅन त्याच्या आधीच ४९ रुपयांत सुरू झाला होता. दुसरं, तेवढ्याच जागेत जास्त जाहिराती कोंबतात. तिसरं, ज्या फीचरमधून पैसे येत नाही ते गुपचूप गुंडाळतात. फेसबुकने लाईव्ह शॉपिंग १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केलं, लाईव्ह येता येतं पण त्यात माल टॅग करायची सोय गेली, आणि रील्सवर मिळणारा बोनस मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत थांबवला. आणि माणसं कमी केली की तक्रार बघायला कोण उरतं? पेज हॅक झालं, चुकून बंद झालं, तर मदत मागायला दार कुठलं वाजवायचं हेच कळत नाही. माझ्या मते आपल्यासारख्या लहान लोकांना सगळ्यात जास्त जड जातं ते हे शेवटचं.

पण मंदीतच नवं पण जन्माला येतं

ही बाजू लोक विसरतात. २००० साली डॉटकॉमचा फुगा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुटला, त्याच्या राखेतून २००३ मध्ये लिंक्डइन आणि मायस्पेस, २००४ मध्ये फेसबुक आलं. १५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली, सगळं जग हादरलं, आणि बरोबर त्याच काळात फेसबुक ऑगस्ट २००८ च्या १० कोटी लोकांवरून सप्टेंबर २००९ पर्यंत ३० कोटींवर गेलं. लोकांकडे बाहेर खर्च करायला पैसे नव्हते, फुकटात गप्पा मारायला मिळत होतं, मग दुसरं काय होणार. मायस्पेसचं मात्र उलटं झालं. २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला विकत घेतलेली ती साईट जाहिरातींनी ठासून भरली होती, जून २००९ मध्ये तिला तीस टक्के लोक काढावे लागले आणि २०११ मध्ये ती साडेतीन कोटी डॉलरला विकली गेली. मंदी दोघांना सारखीच होती. एकाने लोकांचा वेळ सुखाचा केला, दुसऱ्याने त्याच लोकांना पिळून पैसे काढले.

वॉट्सॲपची गोष्ट तर मला फार आवडते. फेब्रुवारी २००९, म्हणजे ऐन मंदी, तेव्हा ही कंपनी सुरू झाली. तिचा एक संस्थापक ब्रायन ॲक्टन त्याच वर्षी ट्विटरकडे आणि फेसबुककडे नोकरी मागायला गेला होता, दोन्हीकडून नकार आला. मग ऑक्टोबरमध्ये याहूतल्या जुन्या मित्रांनी अडीच लाख डॉलर घातले. २०१४ मध्ये त्याच फेसबुकने वॉट्सॲप साधारण १,९०० कोटी डॉलरला घेतलं. आज आपल्या आठवडे बाजारातला भाजीवाला पण क्यूआर कोडचा फोटो वॉट्सॲपवर पाठवतो.

आणि २०२०. लॉकडाऊन, एप्रिल ते जून तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था सुमारे २४ टक्क्यांनी आकसली, त्यात २९ जूनला टिकटॉक बंद. टिकटॉक मंदीमुळे नाही गेलं, ते सरकारने बंद केलं, पण रिकामी जागा झाली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात इथूनच केली. साक्रीपासून चोपड्यापर्यंत खेड्यातले किती कलाकार तेव्हा एका रात्रीत शून्यावर आले, आणि त्यातले जे पटकन रील्सवर गेले ते आज लगनसराईत स्टेजवर बोलावले जाताय.

मंदी खरी की आपलंच काहीतरी चुकतंय, हे कसं ओळखायचं

हे नीट शिका, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक गोंधळतात. यूट्यूब स्टुडिओ ॲप उघडा, ॲनालिटिक्समध्ये जा, तिथे रेव्हेन्यूचा टॅब आहे. त्यात आरपीएम म्हणून आकडा दिसेल, म्हणजे हजार व्ह्यूजमागे कापाकापी होऊन तुमच्या हातात किती पडतं. आता एक वही घ्या आणि मागच्या दोन वर्षांचे महिन्याचे व्ह्यूज आणि आरपीएम शेजारी शेजारी लिहा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. कारण दिवाळीच्या आसपास जाहिरातदार पैसे ओततात आणि जानेवारीत हात आखडतात, हे दरवर्षीचंच आहे, जानेवारीचा आकडा डिसेंबरशी ताडला तर दरवर्षी मंदीच दिसेल.

आता बघा. व्ह्यूज पडले पण आरपीएम तसाच, तर बाजार ठीक आहे, तुमच्या व्हिडिओत किंवा रीचमध्ये, म्हणजे तो किती जणांपर्यंत पोचतो त्यात, घोळ आहे, थंबनेल म्हणजे व्हिडिओवरचं चित्र बघा, विषय बघा, किती सेकंदाला लोक पळताय ते बघा. व्ह्यूज तेवढेच पण आरपीएम मागच्या वर्षीपेक्षा सलग तीन-चार महिने खाली, तर जाहिरातीचा बाजार थंड आहे, तिथे तुम्ही रात्रंदिवस व्हिडिओ टाकले तरी तो आकडा तुमच्या हातात नाही. दोन्ही पडले तर आधी व्ह्यूजचं दुरुस्त करा. आणि तुम्ही मधेच लांब व्हिडिओ सोडून शॉर्ट्सवर गेला असाल तर आरपीएम पडणारच, शॉर्ट्सचा दर मुळात फार कमी असतो, त्याला मंदी म्हणू नका.

अजून एक गोष्ट बघा, ऑडियन्समध्ये जाऊन तुमचे बघणारे कुठले आहेत. जाहिरात कोणती लागते आणि किती दराची हे बघणारा कुठे बसलाय त्यावर बरंच ठरतं. आपल्या बऱ्याच अहिराणी चॅनेलला सुरतमधून भरपूर बघणारे असतात, उधना-लिंबायत भागात आपली किती माणसं आहेत हे सांगायला नको. तिकडे कपड्याचं मार्केट नाहीतर हिऱ्याचं काम थंडावलं की तिथल्या दुकानदारांची जाहिरातही थंडावते. म्हणजे तुमचा धंदा शिरपूरला पण मंदी सुरतची, असंही होतं.

बाकी खुणा बातम्यांत दिसतात. कंपनीने लोक काढले, फुकट असलेल्या गोष्टीला पैसे लावले, एखादा नवा फॉरमॅट सगळ्यांच्या गळ्यात मारायला लागले, यातलं दोन-तीन एकदम दिसलं की समजायचं पैशाची ओढाताण चालू आहे.

आजच बसून करायची कामं

सगळ्यात आधी स्वतःचा माल खाली उतरवून घ्या. यूट्यूबचे व्हिडिओ गुगल टेकआउटमधून निघतात, फेसबुक-इन्स्टाग्रामचं अकाउंट्स सेंटरमध्ये तुमची माहिती डाउनलोड करायचा पर्याय आहे, तिथून फोटो, व्हिडिओ, कॅप्शन सगळं येतं. एखादी हार्ड डिस्क घ्या, आणि वर्षातून दोनदा हे करा, मी आखाजी (अक्षय तृतीया) आणि दिवाळी असे दोन मुहूर्त धरायला सांगतो म्हणजे लक्षात राहतं. कू आठवतं का, ट्विटरसारखं आपलं देशी ॲप? २०२० मध्ये आलं, मराठीतही होतं, कितीतरी मंत्री-आमदार तिकडे गेले, पैसा मिळेना म्हणून २०२३ मध्ये लोक काढले आणि जुलै २०२४ मध्ये बंद. शेअरचॅटने सुद्धा जानेवारी २०२३ मध्ये वीस टक्के लोक कमी केले, ते अजून चालू आहे ही चांगली गोष्ट, पण आपली मेहनत एकाच जागी ठेवायची नाही.

मग लॉगिन. दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू करा, बॅकअप कोड कागदावर लिहून घरात ठेवा, आणि पेजवर दुसरा ॲडमिन घरचाच माणूस ठेवा. ज्या पोराने पेज बनवून दिलं त्याच्याच मेलवर पेज आहे आणि तो आता पुण्याला गेला, फोन उचलत नाही, अशी दुकानं मी बरीच बघितली आहेत.

आता खरं महत्त्वाचं, ग्राहकांची वही. हे थोडं जवळून दाखवतो. यावल तालुक्यातल्या एक ताई आहेत, उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड करतात, वर्षभर केळीचे वेफर्स. त्यांच्या पेजला फॉलोअर बरे आहेत पण त्यांचा भरवसा त्यांच्या लांब वहीवर आहे, ती दुकानात हिशेबाला वापरतात तसली. प्रत्येक पानावर रकाने पाडलेत, नाव, गाव, वॉट्सॲप नंबर, काय घेतलं, किती किलो, कधी घेतलं, आणि शेवटचा रकाना 'काय म्हणाले'. त्यात लिहिलेलं असतं, 'तिखट कमी', 'मुलगी पुण्याला, पार्सल तिकडे', 'लसूण नको, चातुर्मास'. लोकांना वाटतं ही काय मोठी गोष्ट, पण रीच पडला तेव्हा त्यांनी मार्चच्या सुरुवातीला या वहीतून एकेकाला निरोप टाकला, मागच्या वर्षी तुम्ही ज्वारीचे बिबडे दोन किलो नेले होते, यंदा ठेवू का? नावानिशी विचारलं की माणूस हो म्हणतोच. निदान उत्तर तरी देतो.

हेच तुम्ही वॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये करू शकता. लेबल लावा, नवा ग्राहक, पैसे बाकी, पुन्हा घेणारा, असे. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो हे लक्षात ठेवा, म्हणून पहिल्या ऑर्डरलाच सांगायचं, ताई एवढा नंबर सेव्ह करून घ्या म्हणजे भाव कळत जाईल. नंबरांच्या याद्या विकत घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देवो. अनोळखी लोकांनी रिपोर्ट केलं की नंबर बंद होतो आणि मग वर्षांची ओळख गेली. आणि वही किंवा एक्सेलची कॉपी फोनच्या बाहेर ठेवाच, कारण जून २०२५ मध्ये वॉट्सॲपनेही स्टेटसच्या भागात जाहिराती आणायचं जाहीर केलंय. जिथे संस्थापकांनी जाहिरात नको म्हणून इतकी वर्षं धरून ठेवलं तिथेही शेवटी जाहिरात आली, यावरून पैशाचा जोर किती असतो ते ओळखा.

आपली मंदी वेगळी असते

हे मला आवर्जून सांगायचंय कारण पुण्या-मुंबईच्या मार्केटिंगवाल्यांच्या व्हिडिओत हे नसतं. खान्देशात बाजारात पैसा कधी फिरतो हे कापूस आणि केळी ठरवतात. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता, तेव्हा ट्रॅक्टरचे शोरूम, सराफ, मोटारसायकलवाले सगळे पेजवाल्यांना शोधत फिरत होते. पुढच्या हंगामात भाव उतरले, अजून वाढेल अजून वाढेल म्हणत लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला, आणि गावात पैसाच फिरेना. तिकडे तेव्हा मेटाची कमाई परत वाढायला लागली होती, आणि इकडे आपल्या लोकल जाहिराती थंड. दोन मंद्या वेगवेगळ्या चालतात, कधी एकत्र येतात तेव्हा मात्र फार हाल होतात.

म्हणून स्वतःचं कॅलेंडर करा. नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत कापसाचा पैसा असतो, तेव्हा वर्षभराचे करार पक्के करायचे, दर महिन्याला दोन रील असं काहीतरी, आणि निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे. त्यानंतर लगनसराई आणि आखाजी, तेव्हा मंडप, बँड, फोटोग्राफर, कापड दुकान, सोनं. जूनमध्ये सगळा पैसा बियाणं आणि खतात जातो, जुलै ते पोळा बाजार सुस्त, श्रावणात कानबाईच्या सणाला थोडी हालचाल होते तेवढीच. त्या काळात स्पॉन्सरच्या मागे पळून दर पाडून घेण्यापेक्षा वर्षभर चालतील असे व्हिडिओ करून ठेवा, रावेर-मुक्ताईनगरकडे केळीवर रोग आला तर काय करायचं, ठिबकची देखभाल, पीक विमा भरताना काय बघायचं. अशा व्हिडिओला एकदम व्ह्यूज येत नाही, पण शेतीची औषधं, अवजारं, ठिबकवाले तिथेच जाहिरात लावतात, म्हणून आरपीएमही बऱ्यापैकी टिकतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारख्या जत्रेचे व्हिडिओ याच्या उलट, चार दिवसांत सगळं येतं आणि संपतं.

उधारीबद्दल एकच सांगतो, ओळखीच्या सराफाचं, मित्राच्या हॉटेलचं, कुणाचंही काम असो, किती रील, किती पैसे, कधी देणार हे वॉट्सॲपवर लिहून घ्या आणि समोरून 'ओके' येऊ द्या. मंदीत भांडणं यावरूनच होतात.

बूस्ट करायचं का?

बूस्ट म्हणजे पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवणं. करायचं, आणि मंदीतच करायचं, जर माल देण्याची ताकद असेल तर. याचं कारण साधं आहे, जाहिरातीच्या जागेचा लिलाव चालतो. बाजार समितीत व्यापारी कमी आले की बोली वर चढत नाही, तसंच इथे मोठ्या कंपन्या मागे सरल्या की जागा स्वस्त होते. मेटाच्या स्वतःच्या आकड्यांत २०२० च्या एप्रिल-जून तिमाहीत एका जाहिरातीचा सरासरी दर २१ टक्क्यांनी उतरला होता आणि २०२२ च्या पूर्ण वर्षात १६ टक्क्यांनी, आणि दोन्ही वेळेला दाखवलेल्या जाहिराती वाढल्या होत्या. मोठे लोक घाबरून बसतात तेव्हा पाचोऱ्याच्या दुकानदाराला कमी पैशात तेवढीच माणसं मिळतात.

पण रीलखालचं बूस्टचं बटण आंधळेपणाने दाबू नका. दिवसाला १०० ते २०० रुपयांपासून सुरू करा, तीन-चार दिवस चालवा. दुकान असेल तर आजूबाजूच्या २५-३० किलोमीटरपुरतंच दाखवा, भुसावळच्या फर्निचरवाल्याची जाहिरात नागपूरला दिसून काय उपयोग. उद्देश मेसेज येणे हा निवडा, लाईक नको. वर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरून हिशेब करा. आणि आलेल्या प्रत्येकाला विचारा, कुठे बघितलं? ते वहीत लिहा. पाचशे रुपये घालून किती जण आले आणि कितीचा माल गेला हे तिथेच कळेल, ॲपमधल्या रंगीत आलेखापेक्षा मला त्या वहीवर जास्त विश्वास आहे.

मंदीत येणाऱ्या वाईट ऑफर

ही जागा धोक्याची आहे म्हणून स्पष्ट बोलतो. चांगले जाहिरातदार हात आखडतात तेव्हा मेसेजबॉक्समध्ये दुसरे येतात. झटपट लोनचं ॲप, पैसे दुप्पट करणारी स्कीम, कलर प्रेडिक्शन म्हणजे कोणता रंग येईल त्यावर पैसे लावायचा खेळ, बेटिंग. दर आपल्या सराफाच्या पाचपट. आणि नेमके आपल्याला पैसे लागत असतात तेव्हाच येतात. नाही म्हणा भो. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आली आहे, त्यांची जाहिरात करणंही गुन्हा आहे. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाला जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावर १० लाखांपर्यंत दंड लावता येतो, पुन्हा केलं तर ५० लाख. पैसे घेऊन केलेला व्हिडिओ असेल तर तसं ठळक लिहा. कायदा बाजूला ठेवला तरी, तुमचं ऐकून तुमच्याच गावातल्या एखाद्या पोराने केळीचे आलेले पैसे त्यात घातले तर त्याच्या आईला काय तोंड दाखवणार? आपल्याकडे चॅनेलवाला सगळ्यांना ओळखीचा असतो, तो बाजारात भेटतो, लग्नात भेटतो.

नवं काही आलं तर

आधी सांगितलं तसं नवे ॲप आणि फॉरमॅट मंदीत जन्मतात, त्यामुळे दार बंद करून बसू नका. माझी पद्धत अशी, आठवड्यातला एक दिवस नव्यासाठी, बाकी दिवस जिथून पैसे येताय तिथे. नव्या ठिकाणी तोच व्हिडिओ टाका, वेगळा खर्च करू नका. तीन महिन्यांनी बघा, तिथून किती माणसं तुमच्या वॉट्सॲप नंबरपर्यंत आली. आली तर वाढवा. कंपनीला पैसे कुठून मिळतात हेही बघा, नुसत्या गुंतवणूकदारांच्या पैशावर बोनस वाटत असेल तर तो बोनस घ्या पण त्यावर घराचा हप्ता बांधू नका.

अहिराणीचं मात्र धरून ठेवा. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, सासू-सुनेची भांडणं, वांग्याच्या भरिताची पार्टी, हे दुसरं कुणी येऊन तुमच्याइतकं करू शकत नाही. प्लॅटफॉर्म कुठलाही येवो, सुरतला नाहीतर चाकणला खोली घेऊन राहणारं आपलं पोरगं ते शोधत येणारच.

कागदपत्रांचं राहिलं. ॲडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबचे पैसे ज्या गुगल खात्यातून येतात तिथे, अमेरिकेच्या टॅक्सची माहिती भरली का ते बघा. ती नसेल तर गुगल तुमच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतं, भरली असेल तर कापणी फक्त अमेरिकेतून बघणाऱ्यांच्या हिश्श्यावर, आणि भारतासाठी तो दर सहसा १५ टक्के. आपल्या चॅनेलला अमेरिकेतले बघणारे नावालाच, म्हणजे नुसता फॉर्म भरून बऱ्याच जणांचे पैसे वाचतात. १०० डॉलर झाल्याशिवाय पेमेंट निघत नाही, मंदीत ते दोन-दोन महिने लांबतं, तेवढी तजवीज ठेवा.

आणि नोकरी सोडून पूर्णवेळ चॅनेल करू का, असं विचारणाऱ्यांना मी तीन आकडे आणायला सांगतो. मागच्या बारा महिन्यांतला सगळ्यात वाईट महिना किती रुपयांचा होता, त्यातले यूट्यूबचे किती आणि लोकल स्पॉन्सरचे किती, आणि घरखर्च किती. सगळ्यात वाईट महिन्यात घर चालत असेल आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर सोडा. नाहीतर अजून एक कापसाचा हंगाम थांबा, नोकरी करत करत चालवा, आणि तोपर्यंत वहीतली नावं वाढवा.